बेल्जियमच्या समुद्रावर गाव निवडताना आधी आजीचे गुडघे बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात दर उन्हाळ्यात युरोपच्या ट्रिपवर काही ना काही छापून येतं आणि आम्ही इथे गेंटला बसून ते मोबाईलवर वाचतो. बेल्जियम आलं की ब्रसेल्सचा मोठा चौक, ब्रुजचे कालवे, चॉकलेट, वॉफल, झालं, पुढची बस ॲमस्टरडॅमला. बेल्जियमला समुद्र आहे, पासष्ट-सदुसष्ट किलोमीटरचा किनारा आहे आणि इथली माणसं स्वतः सुट्टीला तिकडेच जातात हे कुठे लिहिलेलंच नसतं. आणि ही माहिती ग्रुप टूरवाल्यांपेक्षा जास्त लागते ती आमच्या घरी येणाऱ्या आईवडिलांना, सासू-सासऱ्यांना. मुलगा नाहीतर मुलगी ब्रसेल्स, लूवेन, अँटवर्प नाहीतर हॉलंडात आइंडहोवनला नोकरीला, व्हिसावर जास्तीत जास्त नव्वद दिवस राहायला मिळतं, नातवंडांच्या शाळा उन्हाळ्यात बंद, मग आठवडाभर समुद्रावर जाऊ असं ठरतं आणि आमच्याकडे फोन सुरू होतात, अगं तू तिकडची आहेस, कुठलं गाव घेऊ गं? त्या सगळ्यांसाठी हे पत्र लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या, पण शक्यतो कापू नका.

लोक गाव कसं निवडतात ते मी बघत आलेय. कोणी ऑस्टेंड घेतं कारण नाव ऐकलेलं असतं. कोणी क्नोके घेतं कारण ऑफिसमधल्या बेल्जियन माणसाने सांगितलं की तिकडे सगळे श्रीमंत जातात. कोणी ब्लँकेनबर्ग घेतं कारण बुकिंगच्या ॲपवर तेच सगळ्यात स्वस्त दिसलं. आणि फोटो तर सगळीकडचे सारखेच, निळं आकाश आणि पिवळी वाळू. माझं म्हणणं अगदी साधं आहे, घरात जो माणूस सगळ्यात कमी चालू शकतो त्याच्यासाठी गाव निवडा. सत्तरीची आजी असेल, बायपास झालेले आजोबा असतील, बाबागाडीतलं बाळ असेल, जे कोण असेल ते. त्यांना जमेल ते गाव बाकीच्यांना जमतंच, उलटं होत नाही. तरुण माणसं कुठूनही कुठेही जाऊ शकतात, आजी जिथे उतरली तिथेच तिची सुट्टी असते.

हे इथे इतक्या ठामपणे म्हणता येतं त्याचं कारण म्हणजे हा किनारा. आपल्या कोकणात आंजर्ल्याचा समुद्र वेगळा, गुहागरचा वेगळा, वेंगुर्ल्याचा अजून वेगळा, मधे डोंगर, खाडी, तरी. इथे तसं काही नाही, फ्रान्सच्या हद्दीवरच्या द पानेपासून हॉलंडच्या हद्दीवरच्या क्नोकेपर्यंत जवळजवळ सरळ रेघ आणि एकच वाळू, कडे नाहीत, खडकातल्या लपलेल्या चौपाट्या नाहीत. त्यामुळे बीच कुठला चांगला हा प्रश्नच फारसा नाही, मागचं गाव कसं आहे हा प्रश्न आहे. आणि दुसरं म्हणजे ही सगळी गावं एका ट्रामने जोडलेली आहेत. कोस्टट्राम म्हणतात, पहिला तुकडा ऑस्टेंड ते निउपोर्ट 1885 साली वाफेवर सुरू झाला, आता द पाने ते क्नोके पूर्ण 67 किलोमीटर जाते, सत्तरच्या आसपास स्टॉप आहेत आणि या टोकापासून त्या टोकाला साधारण दोन तास वीस मिनिटं लागतात. उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटांनी ट्राम असते. नवीन गाड्यांना पायरी नाही, फलाटावरून सरळ आत, बाबागाडी आणि व्हीलचेअर आत जाते. ऑस्टेंडच्या पुढे मिडलकेर्केकडे जाताना तर रूळ अगदी वाळूला लागून आहेत, खिडकीतून नुसता समुद्र. ज्यांना चालवत नाही त्यांना त्या ट्राममध्ये बसवून एक पूर्ण फेरी करून आणा, माझ्या सासूबाई अजून त्या फेरीबद्दल बोलतात.

म्हणजे गाव निवडताना आपण काय बघायचं ते निवडत नसतो, झोपायचं कुठे तेवढंच निवडत असतो. हे एकदा डोक्यात बसलं की घरातली अर्धी भांडणं मिटतात. द हानला राहिलात म्हणून ऑस्टेंड राहून जात नाही, ऑस्टेंडला राहिलात म्हणून क्नोकेची पक्ष्यांची दलदल राहून जात नाही.

आता गावांबद्दल. वयस्कर माणसं बरोबर असतील आणि गोंगाट नको असेल तर मी डोळे झाकून द हान सांगते. हे ऑस्टेंड आणि ब्लँकेनबर्गच्या मधोमध आहे. बेल्जियमचा बाकीचा किनारा दुसऱ्या महायुद्धानंतर नऊ-दहा मजली अपार्टमेंटच्या भिंतीने भरून गेला, पहिल्यांदा बघताना मन खट्टू होतं हे खरंय, पण द हानच्या मधल्या भागात अजून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे पांढरे बंगले, लाल कौलं, वळणावळणाचे शांत रस्ते आणि झाडं आहेत. ट्रामचं छोटं जुनं स्टेशनसुद्धा त्याच काळातलं जपून ठेवलंय. 1933 साली हिटलर सत्तेवर आल्यावर आइनस्टाईन जर्मनीला परत न जाता इथे येऊन राहिला होता, मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, व्हिला सव्हॉयार्ड नावाच्या बंगल्यात, आणि त्यानंतर इंग्लंडमार्गे अमेरिकेला गेला तो परत युरोपात आलाच नाही. गावात त्याचा बाकावर बसलेला पुतळा आहे, शेजारी बसता येतं. माझे बाबा फिजिक्सचे मास्तर होते, रिटायर झालेत, ते तिथे बराच वेळ बसून राहिले आणि मग बंगला कुठला ते शोधायला निघाले, आणि हे सगळं त्यांना चालत, दमत नाहीत अशा अंतरात मिळालं. ट्राममधून उतरलं की समुद्र काहीशे मीटरवर, शेवटी वाळूच्या टेकडीवरून जायचा थोडा चढ आहे तेवढा लक्षात ठेवायचा. द हानला रेल्वे नाही, ऑस्टेंड नाहीतर ब्लँकेनबर्गला ट्रेनमधून उतरून ट्राम घ्यायची, पंचवीसेक मिनिटं, तेव्हा चार मोठ्या बॅगा घेऊन जाऊ नका. आणि रात्री नऊनंतर गावात फार काही नसतं. कॉलेजमधली मुलं बरोबर असतील तर ती दुसऱ्या दिवशी कंटाळतात, पण त्यांना ट्राम आहे ना, जाऊ देत.

आजीआजोबांना डॉक्टर, दवाखाना, मोठी दुकानं जवळ असलेली बरी वाटत असतील, किंवा तुम्ही थंडीत येणार असाल, तर ऑस्टेंड. हे खरं शहर आहे, सत्तर हजारांवर वस्ती, बारा महिने चालू. बाकीची बरीच गावं नोव्हेंबर ते मार्च अर्धी बंद असतात, दुकानं फक्त शनिवार-रविवार उघडतात, म्हणून दिवाळीच्या सुमारास आईबाबा आले आणि एक नोव्हेंबरच्या आसपास इथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते ती जोडून समुद्रावर जायचं म्हटलं तर ऑस्टेंडच घ्या. ब्रसेल्सहून थेट ट्रेन, सव्वा तास, ब्रुजहून पंधरा मिनिटं, आणि स्टेशन बंदराला लागूनच, बाहेर आलं की समोर ट्राम. समुद्राकाठचा फरसबंदी रस्ता रुंद आणि सपाट, बाकं भरपूर. राजा दुसरा लिओपोल्ड याने बांधून घेतलेली लांबच लांब खांबांची गॅलरी आहे, पाऊस आला तरी तिथे चालता येतं. त्याच्याच जवळ त्याचा घोड्यावरचा मोठा पुतळा आहे आणि बाजूला त्याचे आभार मानणाऱ्या काँगोच्या लोकांच्या मूर्ती, त्यातल्या एका मूर्तीचा हात 2004 साली काही कार्यकर्त्यांनी कापून नेला, कारण या राजाच्या काँगोत रबरासाठी माणसांचे हात तोडले जायचे. ऑस्टेंडचा थाटमाट उभा राहिला त्यात तो पैसा आहे. आपण पण परक्या राज्याखाली राहिलेली माणसं, मुलांना तिथे उभं करून हे सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, नुसता फोटो काढून पुढे जाऊ नये.

चित्रकलेची आवड असेल तर जेम्स एन्सॉरचं घर आहे. हा मुखवटे आणि सांगाडे रंगवणारा चित्रकार, 1860 ते 1949, जवळजवळ सगळं आयुष्य ऑस्टेंडलाच राहिला, आणि घराच्या खालच्या मजल्यावर त्याच्या काका-काकूंचं शंख-शिंपल्यांचं दुकान होतं ते तसंच ठेवलंय. आणि पैसे न देता करायची एक गोष्ट, बंदराच्या या काठावरून त्या काठाला जाणारी छोटी बोट फुकट आहे, पलीकडे नेपोलियनच्या काळातला पाचकोनी किल्ला आहे. आजोबा लोकांना हे फार आवडतं.

लहान मुलं असतील, म्हणजे तीन ते दहा वर्षांची, तर पश्चिमेकडचा भाग, द पाने, कॉक्साइडे, ओस्टडाउनकेर्के. द पानेच्या जवळ प्लॉप्सालँड नावाचं मोठं पार्क आहे, 2000 सालापासून, दारातच ट्रामचा स्टॉप. ओस्टडाउनकेर्केला अजून घोड्यावर बसून कोळंबी पकडतात, मोठे दणकट घोडे छातीभर पाण्यात जातात आणि मागे जाळं ओढत नेतात, वर पिवळे रेनकोट घातलेले कोळी. 2013 मध्ये युनेस्कोने याची नोंद घेतली. उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळी ते करून दाखवतात, तारखा गावाच्या टुरिस्ट ऑफिसात मिळतात. आमच्या मुलांनी हे बघितलं त्यानंतर बाकी कशाचं कौतुक नव्हतं. कॉक्साइडेला या किनाऱ्यावरची सगळ्यात उंच वाळूची टेकडी आहे, होगे ब्लेकर, 33 मीटर, चढायला मुलांना मजा येते, आजीला खाली बसवा.

पण इथेच गुडघ्यांची गोष्ट येते. द पानेचा बीच सगळ्यात रुंद, वाळूवर चालणाऱ्या शिडाच्या गाड्यांसाठी तो प्रसिद्ध आहे, फोटोत भव्य दिसतो, आणि भरती-ओहोटीचा फरक इथे चार मीटरच्या वर असतो त्यामुळे ओहोटीला पाणी लांब, खूप लांब जातं. ज्या आजीला फक्त पाय भिजवायचेत तिला मऊ वाळूतून, मग ओल्या वाळूतून, मधल्या पाण्याच्या डबक्यांमधून इतकं चालवत नाही. म्हणून पश्चिमेकडे राहायचं असेल तर भरतीची वेळ बघून तिला न्या, वेळापत्रक नेटवर मिळतं आणि बीचवर पण लावलेलं असतं. काही गावांत उन्हाळ्यात जाड चाकांच्या, वाळूत चालणाऱ्या व्हीलचेअर मिळतात, टुरिस्ट ऑफिसला आधी मेल टाकून विचारा, विचारायला लाजू नका, हे लोक खरंच मदत करतात. आणि दुसरी गोष्ट, द पानेचं रेल्वे स्टेशन समुद्रावर नाही, आत आदिंकेर्के गावात आहे, तिथून ट्राम घ्यावी लागते. कॉक्साइडेचं स्टेशन तर त्याहून आत.

या बाजूला राहिलात तर एक दिवस ईपरला जा, कारने तासाच्या आत. पहिल्या महायुद्धात आपले भारतीय सैनिक 1914 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे येऊन लढले, पातळ कपड्यात, त्या थंडीत. मेनिन गेटवर ज्यांची कबर सापडली नाही अशा चोपन्न हजारांवर सैनिकांची नावं कोरलीत, त्यात भारतीय पण आहेत, आणि रोज रात्री आठ वाजता बिगुल वाजवून मानवंदना देतात, 1928 पासून, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा ताबा होता तेवढा काळ सोडून. तसंच निउपोर्टला 1914 मध्येच भरतीच्या वेळी नदीचे दरवाजे उघडून समुद्राचं पाणी शेतात सोडलं आणि जर्मन सैन्य तिथेच अडलं, ते दरवाजे अजून बघता येतात. इतिहासाची आवड असलेल्या आजोबांसाठी निउपोर्ट फार चांगलं गाव आहे, मोठं बोटींचं बंदर, ताजी मासळी, आणि नदीकाठाने समुद्रापर्यंत सपाट रस्ता.

ब्लँकेनबर्ग घ्यावं का? घ्यावं, पण जुलै-ऑगस्टच्या गरम शनिवार-रविवारी नाही. ब्रुजहून ट्रेनने पंधरा मिनिटांवर म्हणून सगळा देश तिथे उतरतो, जादा गाड्या सोडल्या तरी उभं राहायला जागा नसते. इतर दिवशी ते मोकळं ढाकळं, स्वस्त, माणसांनी भरलेलं गाव आहे, समुद्रात साडेतीनशे मीटर आत जाणारा पूल आहे, 1933 चा, त्याच्या टोकापर्यंत सपाट चालता येतं आणि वाळूत पाऊल न टाकता आजीला भर समुद्रात उभं राहिल्यासारखं वाटतं. ब्रुज बघायचंच असेल आणि तिथल्या हॉटेलचे दर परवडत नसतील तर इथे राहून ब्रुज करा.

क्नोके महाग आहे, त्यात दुमत नाही. चित्रांच्या गॅलऱ्या, महागडी दुकानं, नीटनेटके बंगले. आमच्या बजेटमध्ये राहायला मी सांगणार नाही, पण झ्विन बघायला एक दिवस नक्की जा, हॉलंडच्या हद्दीवरची खाऱ्या पाण्याची दलदल, करकोचे, हजारो पक्षी. एकेकाळी ब्रुजची जहाजं याच खाडीतून ये-जा करायची, ती गाळाने भरली आणि ब्रुजचं वैभव आटलं. नंतर ब्रुजसाठी झीब्रुगेला नवं बंदर बांधलं, 1907 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. झीब्रुगेला राहायला मात्र जाऊ नका, तिथे कंटेनर आणि क्रेन जास्त. ब्रेडेनेला वाळूच्या टेकड्या आणि कॅम्पिंग छान आहे पण तिथे बीचचा एक भाग कपडे न घालता वावरणाऱ्यांसाठी अधिकृत राखून ठेवलाय, बोर्ड लावलेले असतात, घरातली मोठी माणसं बरोबर असतील तर आधी माहीत असलेलं बरं.

आता राहायच्या जागेबद्दल, कारण गाव बरोबर निवडून पण इथे गडबड होते. हॉटेलपेक्षा किचन असलेलं अपार्टमेंट घ्या, आपल्या घरी कोणीतरी शाकाहारी असतंच आणि बाहेर त्यांचे हाल होतात. ही गोष्ट मोठ्या अक्षरात छापायला हवी, बेल्जियममध्ये फ्राईज पारंपरिक पद्धतीने गायीच्या चरबीत तळतात, सगळीकडे नाही पण पुष्कळ ठिकाणी. नुसतं बटाट्याचं आहे म्हणून आजी निवांत खाते आणि तिला कोणी सांगितलेलं नसतं. काउंटरवर विचारायचं, तेलात तळता की चरबीत, ते खरं सांगतात. चीजचे क्रोकेटसुद्धा त्याच कढईत जातात. एवढ्या एका कारणासाठी मी किचनवर पैसे खर्च करते, सकाळी पोहे, रात्री वरण-भात, आणि सुपरमार्केट प्रत्येक गावात आहे. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ. इथली करडी कोळंबी आपल्या जवळ्यापेक्षा मोठी आणि नेहमीच्या कोळंबीपेक्षा बारीक, चवीला गोडसर, बोटीवरच उकडतात. आख्खा टोमॅटो पोखरून त्यात ती मेयोनीजमध्ये भरून देतात, नाहीतर तिचे क्रोकेट करतात. ऑस्टेंडच्या धक्क्यावर छोट्या गाड्यांवर मिळते.

जुलै-ऑगस्टमध्ये बरेच मालक शनिवार ते शनिवार असंच देतात, तीन रात्री मागितल्या तर नाही म्हणतात. चादरी-टॉवेल बहुतेक वेळा भाड्यात नसतात, शेवटच्या साफसफाईचे पैसे वेगळे, आणि डिपॉझिट. जाहिरातीत सहा माणसांची जागा लिहिलेली असते आणि त्यातली दोन माणसं पॅसेजमध्ये बंक बेडवर, खिडकी नाही, दार नाही, फक्त पडदा. प्लॅन मागून घ्या. वरच्या बंकवर आजोबा चढणार आहेत का? समुद्र दिसतो असं लिहिलं असेल तर समोरून दिसतो की बाल्कनीतून मान वाकडी करून ते विचारा, भाड्यात बराच फरक असतो. लिफ्ट आहे का आणि लिफ्टपर्यंत पायऱ्या किती हे आवर्जून विचारा, जुन्या बिल्डिंगांमध्ये रस्त्यावरून लिफ्टपर्यंतच पाच-सहा पायऱ्या असतात आणि फोटोत त्या कधीच दिसत नाहीत. घरात सगळ्यात कमी चालणारा माणूस दिवसभर बाहेर राहू शकत नाही, त्याला दुपारी परत येऊन पडायचं असतं, म्हणून समुद्रासमोरची लहान खोली ही आत एक किलोमीटरवरच्या मोठ्या घरापेक्षा चांगली. आजी बाल्कनीत बसून नातवंडांना बघू शकते, ती सुट्टीत सामील होते.

हवेबद्दल खोटी आशा देत नाही. जुलैमध्ये दिवसा वीस-बावीस डिग्री, वारा सतत, आणि सांगली-सोलापूरहून आलेल्या माणसाला ती थंडीच. स्वेटर, कानटोपी, शाल आणा, लाज वाटून घेऊ नका. पाणी ऑगस्टमध्ये सुद्धा एकोणीस-वीसच्या वर फारसं जात नाही. वारा अडवायला कापडी आडोसे मिळतात. पण याच्या बदल्यात संध्याकाळ मिळते, जूनअखेरीला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि किनाऱ्याचं तोंड वायव्येला असल्यामुळे सरळ समुद्रात मावळतो. जेवून, औषधं घेऊन, आरामात बाकावर येऊन बसायला वेळ असतो.

मुलांच्या बाबतीत, पोहायचं फक्त जिथे लाइफगार्ड आणि झेंडे आहेत तिथे, जुलै-ऑगस्टमध्ये साधारण साडेदहा ते साडेसहा. लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचंच नाही. पाण्यात गेलेले दगडी बांध असतात त्यांच्यावर चढू देऊ नका, शेवाळं असतं आणि बाजूला ओढ असते. बीचवर ठराविक अंतराने उंच खांबांवर मुलांना ओळखता येतील अशी चित्रं असतात, उतरल्या उतरल्या मुलाला आपलं चित्र दाखवून ठेवायचं, गर्दीत हरवलं तर ते तिथे येऊन उभं राहतं. आणि या किनाऱ्याची माझी सगळ्यात आवडती गोष्ट, मुलं वाळूत खड्डा करून छोटं दुकान मांडतात, क्रेप कागदाची फुलं विकायला, आणि किंमत शिंपल्यांमध्ये, पैसे चालत नाहीत. भाषा येत नसली तरी चालतं. घरूनच रंगीत कागद आणि तार घेऊन जा, आपल्याकडच्या आज्यांना कागदाची फुलं करता येतात, इथल्या कुठल्याही दुकानापेक्षा सुंदर करतात, आणि मग ज्या आजीला चालवत नाही ती त्या दुकानाची मालकीण होते. माझ्या आईभोवती शेजारची फ्लेमिश पोरं गोळा झाली होती, एकमेकांचा शब्द कळत नव्हता, आईने सगळ्यांना जास्वंद शिकवली.

संपादक महोदय, एक विनंती. पुरवणीत टूर कंपन्यांच्या जाहिराती असतात तशी मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी पण थोडी जागा ठेवा, आणि ती मे महिन्यात नको, जानेवारी-फेब्रुवारीतच छापा, कारण समुद्रासमोरची, लिफ्टवाली, खालच्या मजल्यावरची घरं तोपर्यंतच शिल्लक असतात. आणि टूर कंपन्यांनाही सांगते, ब्रुजनंतर दुपारी पाऊण तास ऑस्टेंडला बस थांबवून समुद्र दाखवला म्हणू नका. ज्येष्ठ नागरिकांच्या टूर काढता ना, मग त्यात दोन रात्री द हान नाहीतर ऑस्टेंडला द्या, एक दिवस कुठेही न नेता मोकळा सोडा, आणि सकाळी सगळ्यांना ट्रामचं दिवसभराचं तिकीट हातात द्या.

आपली,
एक वाचक, गेंट, बेल्जियम